करुणाची दुसरी उत्तरपत्रिका

डिसेंबर होता, तरी शिरूरच्या एसटी स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला मशीन तापतं म्हणून पंखा जोरात चालू ठेवायचा. करुणा आपल्या डिग्रीच्या प्रती काढून घेत होती. तेवढ्यात शेजारच्या तरुणाच्या हातातला गठ्ठा सुटला आणि दुकानभर कागद उडाले. दोघंही एकदम वाकले. तिच्या हाती आलेल्या पानावरचा एक प्रश्न तिनं सहज मोठ्यानं वाचला.

“दिवसभर लोकांत राहिल्यावर तुम्हाला थकल्यासारखं होतं का?... हो. फार.”

“अहो, उत्तर कुठं मागितलं होतं!” तो हसला. “पण दिलंत ते बरं झालं. सकाळपासून सगळे माझ्याशी ‘जरा सरका’ एवढंच बोललेत.”

हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे. करुणानं पान त्याच्या हातात दिलं — जरा घाईनंच — आणि ती रस्ता ओलांडून गेली. खोलीवर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण अजून हसतोय.

असं हसून तिला कितीतरी महिने झाले होते.

करुणा दौंडची. वडील शंकरराव, म्हणजे तिचे आप्पा, रेल्वेत पॉइंट्समन. वस्तीतली पहिली इंजिनियर मुलगी म्हणून २००० साली विहारात तिचा सत्कार झाला, आणि आप्पांनी तिच्या नावाची, पुढं ‘बी. ई.’ लिहिलेली पाटी दारावर ठोकली. त्याच वर्षी शिरूरजवळ, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली. तेव्हापासून तीन वर्षं ती असेंब्ली लाइनची शिफ्ट सांभाळत होती. चाळीस माणसं, भोंगा, आरडाओरडा, रोजची भांडणं. लागोपाठ दोन वर्षं ‘नेतृत्वगुण कमी’ असा शेरा मिळाला आणि दोन्ही वेळा बढती हुकली. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी छातीत धडधडायचं, पोटात आग पडायची. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. मग दोष आपल्यातच आहे, असं तिनं ठरवून टाकलं. डिग्रीच्या त्या प्रती बँकेतल्या क्लार्कच्या अर्जासाठी होत्या. घरी अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या ट्रेनिंग हॉलमध्ये तोच तरुण फळ्यापाशी उभा!

“मी सम्राट. मूळचा राहू गावचा, पुण्यात मानसशास्त्राचं काम करतो. तरुण इंजिनियर नोकरी का सोडतात, कशानं वैतागतात, ते तुमच्या साहेबांना समजून घ्यायचंय. एकशे साठ प्रश्न आहेत. हो किंवा नाही. बरोबर-चूक काहीच नाही.”

बोलता बोलता त्याची नजर तिच्यापाशी थबकली. करुणानं पटकन कागदात डोकं घातलं. आणि मग ती अशा धडाडीच्या बाईसारखी उत्तरं देत सुटली, जिच्यासारखं तिला कधीच होता आलं नव्हतं. वाद घालायला आवडतं का? हो. गर्दीत उत्साह येतो का? हो. दिवसभर लोकांत राहिल्यावर थकता का? तिनं डोळे मिटल्यासारखं करून ‘नाही’वर खूण केली.

दोन दिवसांनी त्यानं एकेकाला भेटायला बोलावलं.

“उत्तरं झकास आहेत,” सम्राट म्हणाला. “या बाईंना उद्याच मॅनेजर करायला हरकत नाही.”

“मग?”

“मग काही नाही... फक्त झेरॉक्सच्या दुकानात मला दुसरीच कुणीतरी भेटली होती.”

करुणाचे कान तापले. रागावली की तिची दौंडची बोली वर यायची. “तुम्हाला काय हो बोलायला! खरं लिहिलं आन् तुम्ही ते साहेबांना दाखवलं म्हंजी? तिसऱ्यांदा तोच शेरा!”

“अहवाल तुमचा आहे. तुमच्या सहीशिवाय साहेबांकडं जाणार नाही. हे आधी ठरवून मगच आम्ही काम घेतलंय.” त्यानं कोरी उत्तरपत्रिका पुढं ठेवली. “हवी असेल तर परत भरा. मी बाहेर थांबतो. मी समोर असलो की तुम्ही परीक्षेला बसल्यासारखं करता.”

“तुम्ही समोर असलात की...” ती थांबली.

“की काय?”

“काही नाही. जा बघू बाहेर.”

तो गेला. करुणानं पेन उचललं. पहिली दहा उत्तरं जड गेली, मग हात आपोआप चालू लागला. शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचली तेव्हा तिचे खांदे सैल पडले होते.

निकाल सांगताना सम्राट नेहमीची थट्टा विसरला होता. “तुम्हाला शांतपणे, बारकाईनं एकच गोष्ट धरून बसायला आवडतं. लोकांची चिडचिड तुम्ही स्वतःच्या जिवाला लावून घेता. आणि शिफ्टवर नेमकं याच्या उलट काम आहे. तीन वर्षं ते रेटलंत. तुम्ही कमी पडलेल्या नाही आहात, थकलेल्या आहात. चाचणीला सगळंच कळतं असं नाही, म्हणून एक विचारतो. कामात शेवटचा आनंद कधी झाला?”

तिनं जरा आठवलं. लाइनवर एक भाग नेहमी तिरका बसायचा, त्यावरून रोज भांडणं. तो भाग नीट पकडून ठेवणारं एक साधन तिनं एका रविवारी खोलीवर बसून कागदावर काढलं होतं. कुठं टेकू द्यायचा, कुठं पट्टी कापायची, बोट अडकू नये म्हणून काय करायचं... ती सांगतच राहिली.

“ऐकताय ना?” तिनं मध्येच विचारलं.

“ऐकतोय. पंधरा मिनिटं तुम्ही न थांबता बोलताय, तुमच्या लक्षात आलंय का?”

करुणानं त्याच्याकडं पाहिलं. “म्हणजे इंजिनियर म्हणून मी वाया गेलेली नाही?”

“वाया मी जात होतो. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटलो. मला तेव्हा कुणी असे प्रश्नच विचारले नाहीत.”

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. सम्राटनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. त्याचं ते तोंड फिरवणं तिला फार आवडलं.

रविवारी दौंडला जाऊन तिनं घरी सगळं सांगितलं. बँकेचा अर्जसुद्धा.

“बढती नको म्हणतीयास?” आप्पांनी चष्मा काढला.

“शिफ्टवरची नको आप्पा. डिझाइनला जायचंय. यंत्रांची चित्रं काढायची, ती बनवून घ्यायची.”

“म्हंजी इंजिनियरच ना?”

“व्हय.”

“मग पाटी हाय तशीच ऱ्हाईल की! मला वाटलं, लई मोठं काय झालंय.”

तिची आई विठाबाई चुलीपासून उठून आल्या. “दर सोमवारी निघताना तुझं तोंड बघवत न्हवतं मला. आधीच बोलायचं गं बाई!”

सोमवारी करुणानं ते चित्र साहेबांपुढं ठेवलं आणि बदली मागितली. जयसिंगराव साहेब बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. “हे तुम्ही इतके दिवस कपाटात ठेवलं होतं?” एवढंच म्हणाले. जानेवारीपासून ती डिझाइन विभागात बसू लागली. पहिल्या सकाळी कारखान्याच्या गेटात तिनं छातीवर हात ठेवून पाहिला. धडधड नव्हती.

सम्राटचं काम मात्र संपलं होतं. जाताना तो दारात घुटमळला, काहीतरी बोलणार असं वाटलं... आणि “येतो” म्हणून निघून गेला. करुणानं दोन आठवडे वाट पाहिली. मग शिरूरच्या एका एसटीडी बूथमधून, अहवालावर छापलेला पुण्याचा नंबर फिरवला.

“अहवालातलं एक कळलं नाही,” ती म्हणाली.

“कोणतं?” त्याचा आवाज एकदम सावध झाला.

“खाली तुमची सही आहे. पण सही करणारा परत कधी भेटेल, ते लिहिलेलं नाही.”

नुसतं बिल वाढत होतं.

“माझ्याकडं चाचणीला आलेल्या माणसाला मी कसं विचारणार होतो?” तो शेवटी म्हणाला. “रोज ठरवायचो, आणि रोज...”

“आता चाचणी संपलीय. रविवारी मी दौंडला चाललेय. वाटेत चौफुल्याला उतरते.”

रविवारी चौफुल्याच्या चहाच्या हॉटेलात तो तिच्या आधी येऊन बसला होता. बोचरं वारं सुटलं होतं, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड वास येत होता. त्यानं पिशवीतून काकवीची बाटली काढली. “आईनं दिलीय. ताजी आहे.”

“कुणासाठी म्हणून सांगितलंत?”

“एक इंजिनियरबाई आहेत म्हणालो. आई म्हणाली, नुसत्या बाईंसाठी कुणी इतक्या वेळा बाटली पुसत नाही.” त्याचा चहा निवत चालला होता. “करुणा, मी... म्हणजे तुमची हरकत नसेल तर...”

“मला तुम्ही आवडता,” करुणा म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, किती सोपं होतं ते! “आता बोला.”

त्यानं नुसता हात पुढं केला, आणि ओलसर टेबलावर, कपबशांच्या मध्ये तिनं आपला हात त्यात ठेवला.

तेवढ्यात दौंडची एसटी आली. करुणा पर्स सावरत धावली, चढली, खिडकीशी बसून निरोपासाठी वळली, तर सम्राट बाटली सांभाळत तिच्या शेजारीच टेकत होता.

“अहो, राहू इकडं नाही!”

“ठाऊक आहे.” त्यानं कंडक्टरपुढं नोट धरली. “दोन दौंड द्या.” आणि मग तिच्याकडं वळून हळूच विचारलं, “आप्पा असतील ना घरी?”