लाल बाजू कुणीकडे

रोजच्यासारखा चहा संपवून बाईंनी प्रयोगशाळेच्या उबेच्या खोलीतली यीस्टची डिश उजेडात धरली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

यीस्टच्या त्यांच्या पेशींत रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती होत्या, एक लाल, एक पांढरी. पांढरीचंच चालतं, म्हणून एका पेशीपासून वाढणारा ठिपका पांढरा उगवतो. क्ष-किरणांनी जनुकांचा धागा तुटला की पेशी तो सांधते. सांधताना तुकड्यांची अदलाबदल झाली, तर विभागणीत एका लेकपेशीच्या वाट्याला दोन्ही लाल येतात, दुसरीच्या दोन्ही पांढऱ्या. मग ठिपका उगवतो अर्धा लाल, अर्धा पांढरा. बाईंची नऊ वर्षं यातच गेली होती.

पण या डिशला किरण दिलेच नव्हते. तरी झाडून सगळे ठिपके अर्धे लाल!

प्रयोगशाळेच्या साहेबांना निमित्तच हवं होतं. तुमच्या हातात स्वच्छता नाही, महिनाअखेर काम गुंडाळा, म्हणाले. बाई कसल्या ऐकून घेतायत! त्यांनी किरणयंत्राची वायर काढून साहेबांच्याच टेबलावर आपटली. नव्या डिश उबेच्या खोलीत जमिनीवर गोल मांडल्या, कुलूप घातलं आणि किल्ली साहेबांच्या हातावर ठेवली.

पाच दिवसांनी दोघांनी मिळून दार उघडलं. ठिपके अर्धे लालच होते. आणि लाल बाजू एकजात गोलाच्या मध्याकडे. तिथे नुसती फरशी होती. एरवी लाल बाजू कुठेही येते, तिला काही धरबंध नसतो. शेकडो ठिपके हाताने वळवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. साहेब तडक निघून गेले. दार उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ठिपके कडेने थोडे वाढले होते. त्या ताज्या कडेवर लाल पट्टा वळला होता. दाराकडे.

"जाळून टाका, बाई," साहेब हळू आवाजात म्हणाले. "काम चालू ठेवा, मी सही करतो. पण या डिश नकोत."

"या डिश म्हणजेच माझं काम. जाळायच्या तर आधी मला उचलून बाहेर काढा."

बाईंनी दार लावलं आणि त्या खुर्ची ओढून गोलाच्या मधोमध बसल्या. नऊ वर्षांवर पाणी सोडायचं? छट्!

"बाहेर काय हिंडतोस?" त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या. "जो कोण असशील तो इथे ये."

दोन दिवस त्या तिथून फारशा हलल्या नाहीत.

तिसऱ्या सकाळी पट्टे पुन्हा आत वळले होते. बाईंनी नजरेने एकेका पट्ट्याच्या दिशेची रेघ पुढे ओढून पाहिली. त्या रेघा खुर्चीपाशी मिळत नव्हत्या. खुर्चीच्या वीतभर मागे मिळत होत्या.

बाईंनी मान वळवली नाही. दातओठ खाऊन त्यांनी खुर्ची मागे रेटली.

फरशी गुळगुळीत होती. खुर्ची सरकली नाही.