दोन आखूड, एक लांब

“परत तसंच!” लेओनोर किंचाळली. “दोन आखूड, एक लांब!”

तळघरात लालभडक चेहऱ्याच्या क्वान कुंग या चिनी देवापुढे तीन उदबत्त्या धुमसत होत्या. तिन्ही एकदमच पेटवलेल्या. डावीकडच्या दोन जळून निम्म्या झाल्या होत्या, उजवीकडची मात्र अजून उंचच होती. सलग तिसरा दिवस!

“मग झालं काय एवढं?” चायोने विचारलं. तिची आई वरच्या खानावळीत स्वयंपाक करायची. उदबत्त्यांचं हे शास्त्र चायोच्या गावीही नव्हतं.

“असं झालं की घरातलं कुणीतरी जातं म्हणे,” फेलिपे हळूच म्हणाला. लेओनोरचा हा चुलतभाऊ एरवी टवाळखोर, पण आत्ता तोही हसत नव्हता.

 घरात सगळ्यांत म्हातारे येये, म्हणजे लेओनोरचे आजोबा. वय वर्षं एक्क्याऐंशी! जन्म ह्याच तळघरातला. त्यांचे वडील चीनहून कापूस वेचायला मेक्सिकोतल्या मेहिकाली शहरात आले, मग त्यांनी ही खानावळ काढली. जुलैत इथली जमीन तव्यासारखी तापते, म्हणून चिनी दुकानदारांनी दुकानांखाली तळघरं खोदली. एकातून दुसऱ्यात जायला दारं होती. पुढे सगळे वर राहायला गेले आणि दारं विटांनी बुजली. लेओनोरच्या युएन घराण्याचं तळघर तेवढं नांदतं राहिलं.

येये जिन्यावरून सगळं बघत होते. “देव रागावलाय,” ते म्हणाले. “उद्या दुपारी बाराला सगळ्या म्हाताऱ्यांना इथे बोलवा. अख्खं डुक्कर भाजा. त्याची माफी मागू.”

ते वर गेले तरी लेओनोर जागची हलेना. एकाच बाजूच्या उदबत्त्या भराभर का जळाव्यात? तिने एक उदबत्ती उचलली आणि भिंतीच्या कडेने चालू लागली.

“ए, देवाची आहे ती!” फेलिपे ओरडला.

“श्श! धूर बघ!”

सोया सॉसच्या रिकाम्या बरण्यांच्या फळीपाशी धूर भिंतीपासून लांब पळत होता. बंद तळघरात वारा! तिघांनी फळी ओढली. मागच्या बुजलेल्या दारातल्या दोन विटा निखळल्या होत्या. लेओनोरने भोकाला डोळा लावला.

शेजारच्या ओसाड इमारतीचं तळघर. पलीकडे रस्त्याच्या कामासाठी खणलेल्या खड्ड्यातून ऊन येत होतं. छताखालचे जाडजूड खांब गायब! तुळयाही अर्ध्यावर कापून नेलेल्या. वरून माती सर्र सर्र गळत होती.

“त्याच तुळया भिंतीतून आरपार आपल्याकडे येतात!” चायो पुटपुटली. तिघांनी वर पाहिलं. छत जिन्याच्या बाजूला चक्क कललं होतं.

तिघं धावत शेजारच्या खड्ड्यावर गेली. कंत्राटदार ओलाचेआ छत्रीखाली बसून लिंबू पिळलेल्या भाजक्या मिरच्या चघळत होता.

“तळघर? नकाशात तळघर नाही, म्हणजे नाहीच!” तो हसला. “जुनं लाकूड होतं, विकून टाकलं. उद्या दुपारी रस्त्यावर रोलर फिरवतो, की झालं काम. जा, बर्फाचा गोळा खा!”

उद्या दुपारी!

येयेंनीही उडवून लावलं. “माझ्या बापाने घातलेल्या तुळया आहेत त्या! आणि नीट ऐक पोरी, पूजा लागली की उदबत्त्या विझेपर्यंत देवाला सोडून कुणी वर जायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सोळा म्हातारे काठ्या टेकत खाली उतरले. डुक्कर मांडलं गेलं, उदबत्त्या लागल्या. तेवढ्यात डोक्यावर घरघर सुरू झाली. डुकराच्या कुरकुरीत पाठीवर माती पडली.

“देव बोलतोय!” त्यांच्यातले लाम काका म्हणाले, आणि सगळे आणखी खाली वाकले.

“येये, वर चला! पाया पडते!”

“गप बस!”

फेलिपे आणि चायो रोलरपुढे हात हलवायला धावले होते, पण घरघर थांबत नव्हती. उलट जवळ येत होती. एक तुळई कण्हली. देवाला सोडून कुणी जाणार नाही... लेओनोरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तिने देवच उचलला! छातीशी धरून ती जिन्याकडे सुसाट सुटली.

“धरा! पोरीने देव पळवला!”

एरवी एकेका पायरीला दम खाणारे म्हातारे काठ्या उगारत तिच्यामागे धावले. पूजेसाठी बंद ठेवलेल्या खानावळीतून, रिकाम्या टेबलांमधून, थेट रस्त्यापलीकडे! लेओनोरने वळून मोजले. चौदा, पंधरा, सोळा. येये कुठे होते?

“धर हा!” तिने देव चायोच्या हातात कोंबला आणि मागे पळाली. येये जिन्याच्या तोंडाशी धापा टाकत उभे होते. तिने त्यांचा हात धरला आणि सगळा जीव लावून ओढलं. दोघं दाराबाहेर पडतात न पडतात तोच पायाखाली धडाड्धुम!

धूळ बसली तेव्हा रोलर नाकापर्यंत रस्त्यात रुतला होता. चालक उडी मारून वाचला होता. खानावळीची फरशी खचली होती. जिना नव्हता आणि तळघरही नव्हतं. ओलाचेआच्या हातातली मिरची तशीच राहिली.

“खाली कुणी होतं का?” धावत आलेल्या पोलिसाने विचारलं.

“आम्ही सगळे होतो,” येये म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “माझी आई तिथे पीठ मळायची. गेलं सगळं.” मग ते सोळा जणांकडे वळले. “मी देवाला विचारत बसलो. ह्या पोरीने भिंतीला विचारलं.”

त्यांनी काठी खाली ठेवली आणि भर रस्त्यात कमरेतून वाकून नमस्कार केला. मागोमाग सोळाही जण वाकले. थोरांनी पोरांपुढे वाकायची रीत नव्हती. लेओनोर गोंधळून चटकन बाजूला सरकली.

“अगं, सरकतेस काय?” फेलिपे कुजबुजला.

“देवाला नमस्कार करताहेत ना!”

“देव तिकडे चायोकडे आहे, वेडे!”