सुतकातली कढई

खोटं सांगून मला काय मिळणार? ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

ही माझ्या मावशीची गोष्ट. सारजाबाई तिचं नाव. भूम तालुक्यात, ईटच्या अलीकडं, रस्त्याला लागून त्यांची खव्याची भट्टी आहे. गेल्या पौषातल्या अमावस्येला, दिवस मावळताना तिथं जे झालं, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मावशी आणि महारुद्र काका लग्न झाल्यापासून ही भट्टी दोघंच चालवायचे. ती जाळ घालायची, काका उलथनं धरायचे. खव्याचं काम लई हट्टी. दूध आटायला लागलं की हात थांबवायचा नाही. थांबला की खाली लागलंच म्हणून समजा.

मग काकांना रक्ताचा कॅन्सर निघाला.

गावातल्या पोरांनी रक्त दिलं. पिशवीमागून पिशवी चढली... अंगात टिकेना. सोलापूरच्या दवाखान्यात त्यांना काचेच्या खोलीत ठेवलं, जंतू लागू नयेत म्हणून. मावशी काचेच्या बाहेर. शेवटी हातात हातसुद्धा घेता आला नाही. त्याचा राग तिच्या मनात अजून धुमसतोय.

राख सावडून ती घरी आली, पदर खोचला आणि भट्टी पेटवली.

आता सुतकात कढई चढवत नाहीत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. भावकी तोंडात बोट घालून बघत राहिली. तिचा धाकटा दीर, शिवराज, तावातावानं आला. मावशीनं त्याला दारातले दुधाचे कॅन दाखवले. म्हशींना सुतक कळत नाही म्हणाली, आणि जाळात लाकूड सारलं.

दूध आटत आलं. लाकडं संपली. ती आणायला मागच्या अंगणात गेली, तर तिथं जावेनं गाठलं. शब्दानं शब्द वाढला. भांडणाच्या भरात कढई पार विसरली.

मग एकदम आठवलं. एवढं दूध करपलं असणार.

ती पळत आली... आणि दारातच थबकली.

करपल्याचा वास नव्हता.

आतून आवाज येत होता.

खर्र... खर्र... खर्र...

आत कुणीच नव्हतं. उलथनं कढईच्या काठाला टेकलेलं. पण दूध...

दूध गोल फिरत होतं.

मावशी खालीच बसली. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, कुठंच टिपूस न काढलेली बाई ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून एवढंच म्हणाली,

"दमानं घ्या. हात दुखंल."

त्यानंतर रोज तेच. ती जरा बाजूला झाली की आवाज सुरू.

असलं काही लपून राहतं का? दूध घालणारे बिचकले. काहींनी दुसरीकडं दूध घालायला सुरुवात केली. शेवटी शिवराजनं अमावस्येला देवऋषी आणला. भट्टीच्या उंबऱ्यात मंतरलेला खिळा ठोकला की गेलेला माणूस परत आत येत नाही, कधीच येत नाही, असं देवऋषीनं आम्हाला समजावलं. मी त्या दिवशी तिथंच होते.

मावशी जाऊन उंबऱ्यावर बसली. तिच्या पाठीमागं कढई चढलेली.

खर्र... खर्र...

सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बाई, ह्यो तुमचा मालक न्हाय," देवऋषी म्हणाला. "मालकाची रीत उचलून दुसरंच कायतरी आत बसलंय."

मावशीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ही उठणार.

"आसंल," ती म्हणाली. "पर मालकच असले तर? दवाखान्यात माझं काय चाललं न्हाय. हितं माझं चालतं. ठोका खिळा, पर आदी माझ्या पायातनं ठोका."

आणि तिनं दोन्ही पाय उंबऱ्यावर आडवे टाकले.

देवऋषीनं शिवराजकडं पाहिलं. शिवराजनं मान खाली घातली.

तेवढ्यात... आवाज थांबला.

एकदम.

जाळ तेवढा भडभडत होता. बाकी काही नाही. दूध वर आल्याचा फसफसाट ऐकू यायला लागला. देवऋषी हात जोडून पुटपुटला, "गेला."

मावशी आत वळली. तिचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. रडवेला, आणि तरी भांडल्यासारखा.

"आवो, थांबलाव कशाला? खाली लागंल की."

कुणी हललं नाही.

मग...

खर्र...

देवऋषीनं खिळा, हातोडी पिशवीत टाकली आणि मागं न बघता रस्ता धरला. शिवराज त्यानंतर भट्टीकडं फिरकला नाही. दूध घालणारे मात्र हळूहळू परत आले. खवा आधीसारखाच उतरतो, मग कोण कशाला बोलतंय.

परवा मी भेटून आले. निघताना आम्ही दोघी बाहेर रस्त्याला उभ्या होतो. राहवेना म्हणून विचारलंच, की मावशी, भ्या वाटत नाही का? देवऋषी म्हणाला तसं खरंच दुसरं कुणी असलं तर?

"वाटतं की," ती म्हणाली. "रोज वाटतं. म्हणून काय त्यांना दाराबाहेर उभं करू?"

आत खर्र... खर्र... चालूच होतं. मावशीनं भट्टीकडं तोंड करून माझं नाव घेऊन सांगितलं, शिवकन्या निघाली बरं का.

आवाज थांबला.

माणसाला मान वर करून बघायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच.

मग पुन्हा सुरू झाला.

मी हात जोडले. कुणाला जोडले, ते मला विचारू नका.