वाटी बुडेना

चिखलदऱ्याच्या मोटारीत तो सरळ माझ्या मोगऱ्याच्या टोपलीवरच बसला!

"डोये हायेत का गोट्या?" मी ओरडले.

तो असा दचकून उठला, की टपावर डोकं आपटलं. शालिकराम त्याचं नाव. दर्यापूरकडचा, आमच्यातलाच, चिखलदऱ्याच्या शाळेत मास्तर. मी जयवंता, अमरावतीच्या नत्थुजी माळ्याची लेक. उन्हाळाभर मैनामावशीसोबत वरच्या बंगल्यांना फुलं पोचवायची. पुढं दर फेरीला स्वारी मोटारीपाशी हजर!

"वरती वेळ जरा भरभर चालते, जयवंता. धरतीच्या जवळ तिची ओढ जास्त, तिथं वेळ हळू."

"मंग मास्तर, तुमी माह्या आधी म्हातारे होसान?"

"होईन... पन पापणी लवते ना, त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतकाही नाई."

"एवढ्याशासाठी इतकं मोठं शास्तर?"

"तुह्यावाचून एवढंसंही जिवावर येते," तो हळूच म्हणाला. मी लाजून मेले. मावशी उगाच खोकली.

"एतवारी बाबाले घेऊन येतो मागणी घालाले," त्यानं शब्द दिला. अन् नेमकं त्याच एतवारी सकाळी अकोल्याचं स्थळ दारात! सुपारी फुटली, की संपलं. बापाचा शब्द मग मोडत नाही.

मुहूर्तावरून आधी वाद झाला. आमचं घड्याळ एक सांगे, मुलाच्या वडिलांचं, खुशालरावांचं, दुसरंच. वैतागून जोशीबुवांनी घटकेची तांब्याची वाटी काढली. तळाला बारीक भोक. घंगाळातल्या पाण्यात सोडायची, भरून बुडाली की मुहूर्त.

वाटी भरू लागली. फाटकाकडं बघून बघून माझी मान दुखली... कोणीच नाही! अर्धी भरली तशी मी फुलं वाहायला वाकले, अन् एक कळी भोकात दाबली.

वाटी थांबली. जोशीबुवा डोळे बारीक करून बघू लागले. अकोलेकर चुळबुळले.

"बुडून कशी नाई राहिली?" खुशालराव गुरकावले.

बाबा उठले. वाटीत बोट घातलं. कळी त्यांच्या बोटाला लागली, अन् त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"कोन हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"चिखलदऱ्याचे मास्तर... वरून येऊन राहिले. बाबा, मले तेच पाहिजेत."

बाबा हात जोडून अकोलेकरांकडं वळले, "माफ करा, खुशालराव. पोरीचं मन नाई, तिथं सुपारी फोडाची नाई मले."

अकोलेकर तणतणत गेले. त्यांची धूळ खाली बसते न बसते तोच फाटकात शालिकराम, मागं त्याचा म्हातारा. परतवाड्याला मोटार बंद पडली म्हणे!

मला रडूच फुटलं. "वरती वेळ भरभर चालते म्हणता, मंग इतका उशीर काहून?"

"खाली उतरलो ना..." तो धापा टाकत हसला.

बाबांनी कळी काढून माझ्या वेणीत खोवली. "जोशीबुवा, सोडा वाटी पुन्हा."

तीच वाटी, तेच भोक. पण या खेपेला बुडायला किती वेळ लावला मेलीनं!