जुळणीत शेवटचा

तो फोन खरं तर तिच्या वाट्याचा नव्हताच. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण रजेवर गेली आणि तिची यादी हिच्या गळ्यात पडली, इतकंच. मतदाराने वेबसाइटवर तीस प्रश्नांची उत्तरं दिली, की त्याचे विचार कोणत्या उमेदवाराशी किती जुळतात ते कळायचं. त्यासाठी आधी उमेदवारांकडून उत्तरं भरून घ्यायची, हे तिचं काम. यादीत तळाशी होता एक अपक्ष, जनावरांचा डॉक्टर.

"रस्ता रुंद करायला नदीकाठची झाडं तोडावीत का? हो की नाही?" तिने विचारलं.

"कुठली झाडं?" तो म्हणाला. मागे एक कुत्रं विव्हळत होतं आणि तो मधूनच त्यालाही हळू आवाजात समजावत होता.

पहिल्या दिवशी चारच प्रश्न झाले. मग रोज दुपारी चारला फोन... तो प्रत्येक प्रश्नावर वाद घालायचा, ती हसू दाबत ऐकायची. तुमचं उत्तर काय असतं, असं त्याने एकदा विचारलंही. पण मतदान होईपर्यंत आपलं मत सांगायचं नाही, उमेदवाराला भेटायचं नाही, असा ऑफिसचा नियम होता. तिसावा प्रश्न संपला, तेव्हा फोन आधी कोणी ठेवायचा यावरही त्याने वाद घातला.

नंतर चार वाजायचे आणि फोन करायला काही निमित्तच नसायचं. त्याच्या उत्तरांत एखादी चूक सापडते का, ते ती पुन्हापुन्हा बघायची. सापडली नाही.

शेवटी तिने स्वतःच ते प्रश्न सोडवले, अगदी प्रामाणिकपणे. सहा उमेदवारांत तो सर्वांत खाली आला. मत देताना तिचं बोट त्याच्या नावापाशी थबकलं... आणि पुढे सरकलं.

निकाल लागला. तो अकरा मतांनी पडला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दवाखान्याच्या दारात उभी होती. तो एका मांजराच्या पायाला पट्टी बांधत होता. तिने "नमस्कार" म्हटलं मात्र, त्याचे हात थांबले. आवाज त्याने ओळखला होता.

"मी तुम्हाला मत दिलं नाही," ती म्हणाली. "आणि चार वाजले की... कशातच जीव रमत नाही माझा."

त्याने पट्टीची गाठ मारली.

"किती टक्के जुळलो आपण?"

"सव्वीस."

"म्हणजे चौऱ्याहत्तर टक्के वाद बाकी आहे," तिच्यासाठी स्टूल पुढे करत तो म्हणाला. "आयुष्य जाईल त्यात. बसा ना."