रिसीव्हर उचलून ठेवा

महिन्यातली ही चौथी खेप. लटारूभाऊ नीलिमाच्या घराची पायरी चढले तेव्हा त्यांचे गुडघे कुरकुरत होते. तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतार केलेली, रिटायर व्हायला दोन महिने उरलेले. त्यात या कॉम्प्युटरच्या इंटरनेटनं जीव नकोसा केला होता.

"तीन वाजले का नेट गेलंच, भाऊ," नीलिमा म्हणाली. ती रडकुंडीला आली होती. "नर्सिंगच्या फारमाची आज आखरी तारीख हाये जी. पाच वाजता बंद होते. यंदा चुकला, तर बाबा लगनच लावून देतीन माहं."

लटारूभाऊंनी मोडेम बंद करून चालू केला. पिना काढून फुंकल्या, पुन्हा खोचल्या. हिरवा दिवा लुकलुकतच राहिला. हे दुखणं त्यांना पाठ होतं. त्याच तारेवर दुसरीकडे कोणी फोन उचलून धरला की असं होतं.

"दुसरा फोन कुठी हाये, बाई?"

"नाई जी. एकच हाये, अन् तो ठेवलेला हाये."

मग त्यांना बाहेरचा खांब आठवला. समोरच्या बंद घराची जुनी तारच त्यांनी इकडे जोडली होती. नवी ओढायचा कंटाळा, दुसरं काय! त्या घरात जाणारा तारेचा फाटा काढायचाही राहूनच गेला होता.

ते घर कुंताबाईचं. दहा वर्षांपूर्वी अशाच दुपारी तीनला तिनं फोन खरखर करतो म्हणून तक्रार केली होती. "रिसीव्हर उचलून ठेवा बाई, मी येतो, खांबावरून तपासतो," असं त्यांनी सांगितलं. आणि अहो, गेलेच नाहीत! कागदावर 'ओके' लिहून घरी जाऊन झोपले. संध्याकाळी सरपणात बाईला साप चावला. एकटी बाई, फोन नादुरुस्त, कोणाला बोलावणार? शेजारी पोचले तेव्हा ती गेलेली होती, रिसीव्हर तिच्या हातातच होता.

लटारूभाऊ खांबावर चढले आणि त्यांनी कुंताबाईच्या घराची तार कापली.

"लागलं का?"

"नाई, भाऊ!"

त्यांनी तिच्या घराकडच्या कापलेल्या टोकाला तपासणीचा फोन लावला. आधी नुसती खरखर. मग एक दमलेला आवाज...

"भाऊ... उचलूनच ठेवला हाये जी... कवा येता?"

ते कसे उतरले, त्यांनाच ठाऊक नाही. पळून जावंसं फार वाटत होतं. पण समोर नीलिमा दारात उभी होती आणि चार वाजून गेले होते. त्यांनी बंद घराचा गंजका कोयंडा पकडीनं उपटला.

आत कोंदट काळोख, सडक्या सरपणाचा वास. कोनाड्यात काळा फोन. रिसीव्हर खाली लोंबत होता.

"आलो, बाई," ते पुटपुटले. "लई उशीर झाला. माफ करा." त्यांनी रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला.

"लागलं, भाऊ! लागलं!" समोरून नीलिमा ओरडली.

लटारूभाऊ तिथेच मटकन बसले आणि आपल्या तळहाताकडे बघत राहिले. रिसीव्हर गरम होता. तासभर कोणी कानाशी घट्ट धरून ठेवावा, तेवढा.