शेजारची सीट

गाड्यांच्या सीटा शिवण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे जुनी गाडी मी आधी नाकाने बघतो, मग डोळ्यांनी. सीटवर अंगठा दाबायचा, सोडायचा, वास घ्यायचा. एवढ्यात गाडीची अर्धी कुंडली कळते.

ताई फुप्फुसाच्या दुखण्यातून नुकतीच उठली होती. डॉक्टरांनी तिला मोकळ्या हवेत फिरवायला सांगितलं आणि भावोजींच्या जुन्या हौसेला आयतंच निमित्त मिळालं. एका म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या दोन गाड्या विकायला होत्या. एक कूपे, पक्क्या टपाची. दुसरी कन्व्हर्टिबल, कापडी टप मागे दुमडणारी.

"कूपेच घेऊ," भावोजी म्हणाले. "रंग बघ की, काय राखलीय!"

मी तिचं दार उघडलं आणि तोंड मागे घेतलं. आंबलेलं दूध, ओली लोकर आणि त्याखाली न धुतलेल्या तोंडाचा वास.

"किती दिवस बंद आहे?"

"अकरा वर्षं," म्हातारा म्हणाला. तो कूपेकडे पाठ करून उभा होता. "ती दुसरी घ्या. ती चांगली आहे."

चालकाच्या सीटचं कातडं वाळून तडकलेलं. शेजारच्या सीटवर अंगठा दाबला, तर ती कोमट. खड्डा भरून आला नाही. उलट त्याच्या बाजूची सीट हळूहळू आणखी खाली बसली. अंगठ्याला चिकट ओल लागली. मी हात पँटला पुसला आणि मग पँटचीही शिसारी आली. समोरच्या काचेवर, त्या सीटपुढे, तोंडाच्या उंचीवर वाफ धरली होती. बाकी काच कोरडी, धुळकट. उन्हाने ओल सुटली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. गॅरेजला खिडकी नव्हती.

"भावोजी, कन्व्हर्टिबल घ्या. ताईला या कोंदट डब्यात बसवू नका."

त्यांनी ऐकलं. पण कन्व्हर्टिबलच्या शेजारच्या सीटचा सांगाडा पावसाने गंजून गेला होता.

"मग कूपेचा काढ ना," भावोजी म्हणाले. "चार बोल्ट तर आहेत."

तिथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण आमच्या धंद्यात असंच करतात. कातडं आणि भरण काढून टाकायचं, सांगाडा ठेवायचा. लोखंडाला वास नसतो, असं मीच गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

सीट उसवली तेव्हा आतला काथ्या राखाडी, बुळबुळीत आणि कोमट निघाला. कोणीतरी तो चघळून परत ठेवल्यासारखा. मी नाल्याशी जाऊन ओकलो. काथ्या जाळला, तर तो दोन दिवस नुसता चुरचुरत राहिला. स्प्रिंगा तीनदा रॉकेलने घासल्या, रंगवल्या, नवा फोम, नवं कातडं. अंगठा दाबला की सीट लगेच वर येई. मला माझ्या कामाचा अभिमानच वाटला.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. टप उघडा, ऊन लख्ख. मी मागे बसलो होतो. पहिल्या वळणावर लक्षात आलं, ताई दाराला खेटून, अर्ध्याच सीटवर बसली होती.

"ताई, नीट बस ना. एवढी जागा आहे."

"कुठे आहे?" ती म्हणाली आणि आणखी सरकली.

डोळ्यांतून पाणी यावं एवढा वारा होता. तरी तो वास आला.

"कसं वाटतंय?" भावोजींनी हौसेने विचारलं.

"छान..." पुढचा शब्द तिला ओढावा लागला. "...आहे."

तिच्या शेजारची रिकामी अर्धी सीट खोल दबली होती.

समोरच्या काचेवर, तेवढ्याच भागापुढे, वाफ होती.

ती विरायची आणि पुन्हा धरायची. धरली की ताईचा श्वास अर्ध्यावर तुटायचा.

"भावोजी, थांबवा! गाडी थांबवा!"

त्यांनी इंजिन बंद केलं. मी ताईच्या खांद्याला धरून हलवलं. तिचा श्वास ऐकायला कान लावला.

काचेवरची वाफ येत होती, जात होती. संथ, झोपलेल्या निरोगी माणसासारखी.